डिंक्या लागलेलं झाड लगेच उपटू नका

डिंक्या (खोडातून डिंक वाहतो आणि साल सडते तो बुरशीचा रोग) दिसला की संत्र्याचं झाड उपटून टाकायचं, असं बरेच जण सांगतात. साल खोडाभोवती पूर्ण सडली असेल तर ते खरं आहे, पण अर्धी साल शाबूत असेल तर घाई करू नका, कळकळीनं सांगतो. खोडाला बोर्डो मलम लावा असं सगळेच सांगतात (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, भांडं प्लास्टिकचंच घ्या). कलमाच्या जोडाबद्दल, म्हणजे खालच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधलेला असतो त्या जागेबद्दल, मात्र कुणीच बोलत नाही.

आमच्या काटोलकडच्या बागेत मलम लावूनही डिंक वाहतच होता. खोडाजवळ उकरलं तेव्हा कळलं, वर्षानुवर्षं माती चढवून जोड चार बोटं खाली गाडला गेला होता. जोडावरची संत्र्याची साल या बुरशीला लवकर बळी पडते, आणि तीच ओल्या मातीत! माती ओढून जोड उघडा केला, सडलेली साल खरवडून मलम लावलं, दुहेरी आळं (खोडाभोवती दोन गोल, पाणी फक्त बाहेरच्या गोलात) करून पाणी खोडापासून लांब ठेवलं. दोन पावसाळ्यांत बऱ्याच झाडांना नवी पालवी आली. नवीन लावणार असाल तर जोड जमिनीपासून वीतभर तरी वर असलेलीच कलमं घ्या.