बेअरिंग बदललं आणि एबीएसचा दिवा लागला. सेन्सरच गेला का?

नटबोल्ट: पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदलल्यापासून ही कटकट सुरू आहे. इग्निशन ऑन केल्यावर दिवा नेहमीसारखा विझतो, पण गाडी १५-२० च्या वेगाला गेली की परत लागतो. स्कॅनरवर सी००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा कोड. सेन्सरच्या दोन पिनांना मीटर लावला तर ओहम येतच नाहीत. नवा मागवू का?

चौथा_गिअर: इतक्यात नको. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली असती तर कंट्रोल युनिटने उभ्या गाडीतच पकडलं असतं आणि दिवा विझलाच नसता. चाक फिरल्यावर लागतो म्हणजे वायरिंग बहुधा धड आहे, सिग्नल येत नाहीये.

ओहम मोजायचे ते जुन्या पॅसिव्ह सेन्सरचे. त्यात नुसती कॉइल असते, साधारण ८०० ते २००० ओहम. अ‍ॅक्टिव्ह सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, तिथे त्या आकड्याला अर्थ नाही. कनेक्टर सोडवा, इग्निशन ऑन करा आणि गाडीकडच्या पिनांवर डीसी व्होल्ट बघा. बहुतेक गाड्यांत बॅटरीच्या जवळपास मिळतात. मग मीटर मिलिअँपिअरवर ठेवून सेन्सरच्या एका वायरमध्ये सिरीजला जोडा आणि चाक हाताने अगदी सावकाश फिरवा. आकडा ७ आणि १४ च्या मध्ये उड्या मारायला हवा.

नटबोल्ट: व्होल्ट ११.८. करंट ७ वर अडकलाय, हलतच नाही.

हबकॅप: मग बेअरिंग उलटं बसलं असण्याची दाट शक्यता आहे. या प्रकारात दातेरी रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि ती सेन्सरकडे यावी लागते. दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्या, त्यामुळे प्रेसवर घेताना हमखास गफलत होते. सेन्सर काढून त्या भोकातून लोखंडाची बारीक टाचणी सीलला टेकवा. चिकटली नाही तर समजून जा. मोठं लोहचुंबक मात्र जवळ नेऊ नका, पट्टीवरचे ध्रुव बिघडतात.

चौथा_गिअर: टाचणी चिकटली तर भोकाच्या कडेचा गंज बघा. गंजाचा पापुद्रा सेन्सरला वर उचलतो, मधलं अंतर वाढतं आणि सिग्नल मरतो. वायर ब्रशने साफ करा. सेन्सर हाताच्या दाबाने बसला पाहिजे, हातोडी नको.

हबकॅप: आणि उलटंच निघालं तर तेच बेअरिंग फिरवून परत ठोकू नका. प्रेसने बाहेर काढताना जोर गोळ्यांवर येतो, रेसवर (गोळ्या ज्यावर फिरतात त्या कड्यावर) खाचा पडतात आणि थोड्याच दिवसांत घुंघुं आवाज सुरू होतो. नवं घ्या आणि बसवण्याआधीच टाचणीने बाजू तपासा. मग कोड पुसून सरळ रस्त्यावर ३० ने चालवा, स्कॅनरच्या लाइव्ह डेटात चारही चाकांचे आकडे जुळले पाहिजेत.