एनएफ-कप्पाबी : ब्लॉटवर बसवलेलं मॉडेल खरं धरायचं का?

पेट्रीडिश
पेशींना टीएनएफ (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) दिलं की आयकेके हे एन्झाइम जागं होतं, एनएफ-कप्पाबीला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवणारं आयकप्पाबी-अल्फा तुटतं, मोकळं झालेलं एनएफ-कप्पाबी (जनुकं चालू करणारं प्रथिन) केंद्रकात शिरतं आणि तिथे आयकप्पाबी-अल्फाचंच जनुक चालू करतं. नवं आयकप्पाबी त्याला पुन्हा बाहेर ओढतं. हा वळसा उशिरा पुरा होतो, म्हणून आंदोलनं, म्हणजे केंद्रकातली पातळी वरखाली होत राहते. २००२ साली हॉफमन, लेव्हचेन्को, स्कॉट आणि बाल्टिमोर यांनी हे समीकरणांत मांडलं.

माझा आक्षेप असा, की लाखो पेशींचा एकत्र अर्क काढून केलेल्या ब्लॉटवर (पट्टीच्या गडदपणावरून प्रथिन किती ते मोजण्याची पद्धत) असं मॉडेल बसवणं व्यर्थ आहे. २००४ साली नेल्सन आणि सहकाऱ्यांनी एकेक पेशी पाहिली, तेव्हा साधारण १०० मिनिटांची आंदोलनं कित्येक तास चाललेली दिसली. पेशींचा आपसातला ताल सुटतो, म्हणून सरासरीत ती विझल्यासारखी वाटतात. ब्लॉटवरचं मॉडेल हे विझणं प्रत्येक पेशीच्या माथी मारतं.

अवकलक
साफ असहमत. २००२ चं कामही एकत्र अर्कावरच झालं होतं, जेल शिफ्ट (डीएनएला चिकटलेलं एनएफ-कप्पाबी जेलवर पट्टी म्हणून पाहणं) वापरून. तरी ते टिकलं, कारण आयकप्पाबीच्या अल्फा, बीटा, एप्सिलॉन या प्रकारांपैकी एकच शिल्लक असलेल्या पेशी वेगवेगळ्या मोजल्या होत्या. फक्त अल्फा असेल तर चढउतार. फक्त बीटा किंवा एप्सिलॉन असेल तर पातळी चढते ती चढलेलीच राहते. शिवाय टीएनएफ ५ मिनिटं देऊन धुऊन टाकलं तरी प्रतिसाद तासभर टिकतो, हेही त्यातूनच कळलं. सरासरीला इतकं हिणवू नका.

आणि २००४ च्या पेशींत बाहेरून घातलेलं, रंग जोडलेलं पी६५ (एनएफ-कप्पाबीचा एक घटक) होतं. जादा पी६५ मुळे आंदोलनंच बदलतात, हा आक्षेप २००५ मध्येच छापून आला होता.

पेट्रीडिश
त्याला उत्तर मिळालंय. २००९ मध्ये उंदराच्या पी६५ च्या मूळ जनुकालाच जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडून पाहिलं, आंदोलनं तिथेही दिसली. २०१० मध्ये ताय आणि सहकाऱ्यांनी टीएनएफचा डोस उतरवत नेला तेव्हा प्रतिसाद देणाऱ्या पेशीच कमी होत गेल्या. ब्लॉटवर हेच 'प्रत्येक पेशी अर्धवट जागी' असं वाचलं जातं. गणित बिनचूक, जीवशास्त्र चूक.

जेल_फाटलं
दोघंही वरच्या मजल्यावर भांडताय, गळती तळघरात आहे. ०, १५, ३०, ६०, १२०, २४० मिनिटं हे ठरलेलं वेळापत्रक घ्या. १०० मिनिटांच्या लाटेचं दुसरं शिखर त्यात सापडणार कसं? निदान दर १५ मिनिटांनी नमुना हवा.

५ मिनिटांच्या नमुन्याचं तर विचारूच नका. सहा डिशना एकदम टीएनएफ घातलं आणि एकेक करून धुतल्या, तर शेवटच्या डिशची '५ मिनिटं' प्रत्यक्षात ८-१० होतात. टीएनएफ मागेपुढे घालायचं आणि सगळ्या डिश एकाच वेळी बर्फावर आणायच्या. नमुने दोन जेलवर गेले तर एकच संदर्भ-अर्क दोन्हींवर लावा. लेनचा (जेलवरच्या नमुन्यांच्या रांगांचा) क्रम वेळेप्रमाणे ठेवू नका, नाहीतर जेलच्या कडेचं 'स्माइल' (पट्ट्यांचं वाकणं) गतिशास्त्र म्हणून फिट होईल. एकाच अर्काचे १, १/२, १/४, १/८ असे पातळ नमुने चालवा. पट्टी निम्मी होत नसेल तर सिग्नल संपृक्त झालाय. तो आकडा मॉडेलला देऊच नका.

अवकलक
हे शंभर टक्के मान्य. त्यात भर म्हणजे ब्लॉटचे आकडे सापेक्ष असतात, त्यामुळे आरएनए बनण्याचा दर आणि त्यावरून प्रथिन बनण्याचा दर यांचा फक्त गुणाकार ठरतो. एक दुप्पट, दुसरा निम्मा, वक्र तोच! म्हणून एक पॅरामीटर (मॉडेलमधला असा एखादा दर) पायरीपायरीने हलवून बाकीचे प्रत्येक वेळी नव्याने फिट करायचे. मॉडेल आणि डेटा यांच्यातली तफावत वाढतच नसेल तर त्या पॅरामीटरबद्दल डेटा गप्प आहे, पेपरात त्याचा आकडा छापू नये.

खरी परीक्षा फिटमध्ये न वापरलेल्या प्रयोगावर. सायक्लोहेक्झिमाइडने प्रथिननिर्मिती थांबवली, तर एनएफ-कप्पाबी केंद्रकातच अडकलं पाहिजे. मॉडेलने ते आधी सांगावं, मग ब्लॉट चालवावा. त्याला एकेका पेशीची गरज नाही.

पेट्रीडिश
परीक्षा चांगली आहे, पण वेळ आखडती घ्यावी लागेल. टीएनएफ अधिक सायक्लोहेक्झिमाइड ही पेशी मारायची ठरलेली रेसिपी आहे. काही तासांनी डिशमध्ये अर्ध्या पेशी मरायला टेकलेल्या असतील, आणि सरासरी कोणाची काढली हे तुमच्या ब्लॉटला कळणार नाही.