कच्चा माल देणाऱ्या प्रदेशाने पुढची पायरी कशी गाठावी? इंडोनेशियाचे निकेल आणि आपले गडचिरोली

सागवान
रस्ते, वीज आणि करसवलत दिली की भांडवल मागास भागाकडे आपसूक वळेल, असे १९९१ नंतर आपल्याकडे धरून चालले गेले. सवलती मुंबई-पुण्यापासून दूरच्या तालुक्यांना अधिक मिळाल्या, तरी कारखाने बहुतेक जुन्याच पट्ट्यांत वाढले. याउलट इंडोनेशियाने कच्च्या निकेलची निर्यातच बंद केली आणि ज्याला धातू हवा असेल त्याने भट्टी आमच्याकडे उभारावी, असे बजावले. सुरजागडचे लोहखनिज असलेल्या गडचिरोलीला यातून काही घेता येईल का?

जुना हिशेबनीस
ही बंदी एका फटक्यात लागू झाली नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. २००९ च्या खाण कायद्याने देशातच प्रक्रियेची अट घातली, २०१४ मध्ये निर्यात थांबली, २०१७ मध्ये ती अंशतः पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी २०२० पासून पूर्ण बंद झाली. ती टिकली, कारण निकेलच्या उत्पादनात हा देश जगात पहिला आहे आणि स्टेनलेस स्टील बनवणाऱ्या चिनी पोलाद कंपन्यांना ते खनिज हवेच होते. युरोपीय संघाच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने २०२२ मध्ये इंडोनेशियाविरुद्ध निकाल दिला. इंडोनेशियाने अपील केले आणि अपील ऐकणारे मंडळ तर २०१९ च्या अखेरीपासून ठप्पच आहे, म्हणून निकाल लटकलेलाच राहिला!
जमेची बाजू एवढी, पण खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. सुलावेसी बेटावरील मोरोवालीच्या निकेल-भट्ट्या कोळशाच्या विजेवर चालतात, मालकी मोठ्या प्रमाणात चिनी आहे, करमाफी दीर्घ मुदतीची आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेथील एका भट्टीच्या स्फोटात २१ कामगार दगावले.

पाणंद
जिल्हा म्हणजे देश नव्हे. निर्यातबंदीचा अधिकार केंद्राकडे आहे आणि लोहखनिज भारतात इतरत्रही विपुल असल्यामुळे निकेलसारखी अडवणूक येथे साधणार नाही. आपला जुना अनुभव तर उलटाच आहे: १९५२ पासून १९९३ पर्यंत मालवाहतुकीच्या भाडे समानीकरणाच्या धोरणाने पोलाद देशभर एकाच भाड्यात पोहोचवले, त्यामुळे खाणीशेजारी कारखाना काढण्यातला झारखंड-ओडिशाचा नैसर्गिक लाभच गेला. १९९१ च्या आधीचे सगळे धोरण मागास भागाच्या हिताचे होते, ही समजूत खोडायला हे एकच उदाहरण पुरेसे आहे. राज्याच्या हाती खाणपट्ट्याच्या अटी आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणवाल्यांकडून खाणबाधित भागासाठी जमा होणारा, निधी उरतो. गडचिरोलीतच कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला हे बरेच झाले. पण त्यातील फिटर, इलेक्ट्रिशियन आणि प्रयोगशाळेतील माणूस कुठल्या गावचा, हे मी आधी विचारीन.

मोहफूल
लोखंडाचीच चर्चा चालली आहे म्हणून जंगलाकडून थोडे लिहितो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा एकत्रित हक्क, मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकू लागली. आमच्या ग्रामसभेत मी तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानाच्या, हंगामाचा हिशेब लिहितो. फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, बाया ७०-७० पानांचे पुडे ओळीने मांडतात, मी ओळी मोजून वहीत टिपतो आणि संध्याकाळी आकडा मोठ्याने वाचून दाखवतो. ठेकेदाराच्या मुनीमाचा आकडा आमच्याशी जुळला नाही, तर पुन्हा मोजणी होते. एका वर्षी ठेकेदाराने निम्मी रक्कम थकवली, तेव्हापासून आगाऊ रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय आम्ही वाहतूक परवाना देत नाही. आमच्या दृष्टीने हेसुद्धा औद्योगिक धोरणच आहे. मात्र पान वाळून गोणीत भरले की आमचा हात सुटतो. विडी वळली जाते सोलापूरला नाहीतर तेलंगणात.

सागवान
मोहफूल, आगाऊ रकमेची अट लिलावाच्या कागदातच लिहिता की नंतर ठरावाने घालता? खाणपट्ट्याच्या करारात स्थानिक प्रशिक्षणाची अट अशीच, वेळ चुकली तर माल अडेल अशा भाषेत, बसवता येईल का, हे पाहण्यासाठी तुमचा मसुदा पाहायला आवडेल.

मोहफूल
लिलावाच्या जाहिरातीतच लिहितो. नंतरच्या ठरावाला ठेकेदार जुमानत नाही.