सरासरी ४.६, तरी ग्राहक सोडून का जातायत?

प्रश्न: मी सपोर्ट टीम सांभाळते. कॉल संपला की ग्राहकाकडून १ ते ५ गुण घेतो. सरासरी ४.६ आहे, तरी लोक सेवा बंद करतायत. काल एकीने ५ गुण दिले आणि खाली लिहिलं, "मुलगी छान बोलली, पण बिल तिसऱ्यांदा चुकलंय." तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. आपण नेमकं मोजतोय काय?

उत्तर १: ते ५ गुण त्या मुलीच्या बोलण्याचे, बिलाचे नाहीत. "तुमचं काम झालं का?" हे वेगळं विचारा. आणि सर्व्हे न भरणारे किती, तेही बघा. वैतागलेला माणूस बरेचदा फॉर्म न भरताच निघून जातो.

उत्तर २: एनपीएस (नेट प्रमोटर स्कोअर) वापरून बघा, म्हणजे "आमची सेवा ओळखीच्यांना सुचवाल का?" याला ० ते १० गुण घ्यायचे. व्यवस्थापन सल्लागार फ्रेड रायकेल्ड यांनी तो २००३ मध्ये मांडला. ० ते १० पैकी ९-१० देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ०-६ देणाऱ्यांची वजा करायची.

उत्तर ३: तोही एकटा पुरत नाही हो. ५० टक्के खूश, २० टक्के नाराज, तर ३०. ३० टक्के खूश, नाराज कोणीच नाही, तरी ३०च! गुणांची विभागणी बघा, शेरे वाचा.

प्रश्नकर्ती: आज तिला स्वतः फोन केला. प्लॅन बदलूनही बिल जुन्याच दराने निघत होतं. आता ५ गुण देणाऱ्यांचे शेरेसुद्धा रोज वाचणार.