मदत हवी आहे: लाइट गेली की टेस्टिंगचे मॅक मिनी पासवर्डवर अडून बसतात

नमस्कार मंडळी,

महाप्याला एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. आयफोनची अ‍ॅप बनवायचं एक्सकोड आणि ती संगणकावरच चालवून बघायचा आयफोनचा सिम्युलेटर फक्त अ‍ॅपलच्या मॅकओएसवर चालतात, म्हणून एम१ चिपचे चार मॅक मिनी (अ‍ॅपलचे छोटे डेस्कटॉप) फळीवर मांडून त्यांनाच सर्व्हर केलंय. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. रात्री दहाला टेस्ट लागतात, सकाळी रिपोर्ट तयार. मशीन गुणी आहेत, काम नसताना जेमतेम सात वॅट खातात.

अडचण लाइटची. यूपीएस वीस मिनिटं तग धरतो, पुढे सगळं बंद. लाइट आली की आपोआप सुरू होण्याची सेटिंग केलेली आहे, मशीन उठतातही. पण फाइलव्हॉल्ट (मॅकचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असल्यामुळे पासवर्डच्या पडद्यावर थांबतात आणि तोवर एसएसएच (नेटवर्कवरून मशीनमध्ये शिरायची सोय) सुरूच झालेलं नसतं. गेल्या शनिवारी पहाटे ठाण्याहून लोकल पकडली, कोपरखैरणेला उतरून रिक्षाने ऑफिस गाठलं आणि एकच कीबोर्ड या मशीनचा काढून त्या मशीनला लावत चार वेळा पासवर्ड टाकला. सोमवारी रिलीज होतं, अख्खी रात्र वाया गेली.

फाइलव्हॉल्ट काढून ऑटो लॉगिन लावा, असं सगळे सांगतात. पण डिस्क एन्क्रिप्टच हवी, असं क्लायंटच्या करारात आहे, आणि त्यांचा कोड आमच्याकडे असताना मलाही तेच योग्य वाटतं. खऱ्या सर्व्हरला लांबून ताबा घ्यायला वेगळं पोर्ट असतं, ते इथे नाही. फाइलव्हॉल्ट ठेवून कोणी हे घरबसल्या सोडवलंय का?

प्रतिसाद: ताई, एम१ आहेत ना, मग मॅकओएस २६ टाका. त्यात रिमोट लॉगिन (एसएसएचची सेटिंग) चालू असेल तर रीस्टार्टनंतर एसएसएचनेच फाइलव्हॉल्ट उघडता येतं. वायफायच्या भरवशावर राहू नका, केबल लावा. मात्र तेवढ्याने डेस्कटॉप सुरू होत नाही. सिम्युलेटरसाठी नंतर स्क्रीन शेअरिंगने लॉगिन करावं लागेल. आणि ऑफिसचा राउटर आधी उठतोय ना, तेही बघा.

धागाकर्ती: मनापासून आभार! आज एका मशीनवर करून बघितलं. सहकाऱ्याला ऑफिसात प्लग ओढायला लावला आणि मी घरून उघडलं. डेस्कटॉप दिसला तेव्हा फार बरं वाटलं. बाकी तिघांवर एक्सकोडच्या जुन्या आवृत्त्या आहेत, त्या २६ वर चालतात का ते पाहून मगच हात लावते.