ठिबक पटतं, पण ऊस पाटपाण्यावरच

वाळवेकर: बैठकीत ठिबकचे फायदे सगळे शेतकरी मान्य करतात. उसाची लागण आली की पुन्हा पाट! मुद्दे कुठं कमी पडतात?

मिरज_माती: कमी नाहीत, जास्त होतात. मानसशास्त्रज्ञ झिवा कुंडा यांनी 1990 मध्ये मांडलं होतं की हवा तो निष्कर्ष गाठायला माणूस कारणं गोळा करतो, फक्त ती चारचौघांत खपतील अशी लागतात. "उंदीर नळ्या कुरतडतात" हे त्यातलंच. खोडत बसू नका. विचारा, "दादा, ठिबक 10 पैकी किती पटतं?" 4 म्हणाले तर "2 का नाही?" म्हणजे ठिबकच्या बाजूची कारणं तेच सांगतील. "7 का नाही?" विचारलंत की अडचणींची यादी सुरू.

कृष्णाकाठ: उंदीर खरंच कुरतडतात हो, दरवेळी सबब नसते. आणि पाणीपट्टी एकरावर असेल तर पाणी वाचवून खिशात काय पडणार? तिथं जादा पाण्यानं क्षारपड, म्हणजे खारवट, होणाऱ्या जमिनीचं बोला. वरंब्यावरचा पांढरा थर बांधावर उभं राहून दाखवा. आडसाली (दीड वर्षाच्या) उसाची लागण जुलै-ऑगस्टची, बैठक मेमध्येच घ्या. सरी सोडल्यावर कोण ऐकतंय!

वाळवेकर: पट्टी एकरावरच आहे. इथंच घोडं पेंड खातंय तर.