गार मुशीत टायटेनियम वितळतं, पण ओतताना निम्मं आतच राहतं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची फाउंड्री कोल्हापूरची. बिडाचं कास्टिंग, इंडक्शन फर्नेस, सिलिकाचं लायनिंग हा रोजचाच कारभार. टायटेनियमला ते चालत नाही. ते वितळतं १६६८ अंशांना, आणि पातळ झालं की लायनिंगमधला ऑक्सिजन ओढून घेतं. माल ठिसूळ होतो. म्हणून आतून पाणी खेळणारी तांब्याची मूस करून घेतली. तांबं स्वतः १०८५ अंशांना वितळतं, तरी टिकतं, कारण त्याला लागलेलं टायटेनियम लगेच गोठतं आणि तो थरच (स्कल) अस्तराचं काम करतो.

मूस आतून ८० मिमी, भिंत तांब्याच्या १२ उभ्या तुकड्यांची (पाकळ्या), मधल्या फटींत अभ्रक. बाहेरून कॉईल, १०० किलोवॅट, १० किलोहर्ट्झ. आर्गॉन वायू, चार्ज (एका वेळी टाकलेला धातू) १ किलो.

काचेतून बघितलं तर सगळं पातळ दिसतं, मध्ये छान फुगवटा येतो, धातू ढवळत असतो. मूस कलती केली की जेमतेम निम्मा धातू येतो, तोही ओठावर गोठायला लागतो. तळाशी बोटभर जाड स्कल उरतो. मुशीच्या पाण्याची लाईन कॉईलपासून वेगळी आहे: मिनिटाला ६० लिटर, १५ अंश वाढ. म्हणजे जवळजवळ ६३ किलोवॅट पाण्यातच जातात! पॉवर वाढवली की पाणीच जास्त तापतं.

माझा संशय फटींवर आहे. त्या तळाच्या २५ मिमी वर थांबतात, खाली तांब्याचं सलग कडं आहे. या फ्रिक्वेन्सीला तांब्यात करंट जेमतेम ०.७ मिमी खोल जातो, त्यामुळे कॉईलचं चुंबकीय क्षेत्र (फील्ड) आत शिरणार ते फटींतूनच. फटी खाली वाढवाव्यात का? पाण्याच्या सीलची भीती वाटते. पातळ टायटेनियमला पाणी लागलं तर हायड्रोजन होऊन स्फोट होतो, आणि माझी पोरं तिथंच उभी असतात. फ्लो कमी झाला की पॉवर ट्रिप होते, तेवढी सोय केली आहे.

प्रतिसाद:

दादा, तांब्याला इतक्यात हात लावू नका. स्कल काढूच नका. त्याच ग्रेडचा पुढचा चार्ज त्यावर टाका. पातळ धातू आपोआप फटींच्या उंचीवर येईल. कॉईलचा खालचा वेढाही त्या कड्याच्या वर घ्या. फटींत टायटेनियमचे पापुद्रे शिरले असतील तर पाकळ्या एकमेकींना शॉर्ट होतात, ते साफ करा.

गार मुशीत सुपरहीट (वितळल्यावर वर चढणारं जादा तापमान) फार मिळतच नाही, म्हणून साचा ओठाला भिडवून ठेवा, तापवून घ्या, आणि कलती करताना पॉवर चालू राहू द्या.

एवढं करूनही अडलं, तर रिकाम्या मुशीत कमी पॉवरवर छोटी सर्च कॉईल (फील्ड मोजायची तारेची गुंडाळी) सोडून तळाशी आणि मध्यावर फील्ड किती येतं ते मोजा. आकडे इथं टाका, मग फटींचं ठरवू.